उंब्रजचे आर्टिकलवाले आबा

कराडच्या एका दवाखान्यात दिनकरआबा खाटेवर आडवे होते. छातीला वायरी, तोंडावर मास्क, कपाळावर घाम. त्यांना जीपमध्ये घालून आणणारे आम्ही शेजारी दाराशी देवाचं नाव घेत उभे होतो. तरुण डॉक्टर घाईघाईनं आत आला आणि वाकून म्हणाला, "आजोबा, सिन्स हाऊ मेनी डेज यू आर हॅविंग पेन?"

आबांनी डोळे उघडले. मास्क दोन बोटांनी बाजूला सारला.

"फॉर," ते म्हणाले.

"काय?"

"फॉर हाऊ मेनी डेज. सिन्स न्हाई. सिन्स लावायचं तर म्होरं सोमवार-मंगळवार काय तर वार लागतो. आन् 'यू आर हॅविंग' न्हाई. 'हॅव यू बीन हॅविंग'."

एवढं सांगून त्यांनी मास्क जागेवर बसवला आणि डोळे मिटले. डॉक्टर मशीनकडे बघत राहिला, मग आमच्याकडे वळून म्हणाला, "घरी न्या. गॅस झालाय."

आबा सैन्यात क्लार्क होते. सुभेदार होऊन पेन्शनीत आले. उंची बेताची, मिशी पांढरी पण टोकं अजून परेडला उभी असल्यासारखी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशात लाल पेन. उंब्रजला हायवेच्या सर्व्हिस रोडला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, दुकानाच्या पाट्या, नोकरीचे अर्ज, असं गावातलं सगळं इंग्रजी माझ्या दुकानातून बाहेर पडतं. ते बाहेर पडायच्या आत अडवायला आबा दाराशी स्टूल टाकून बसलेले असतात. त्यांना हे काम कुणी दिलेलं नाही. मी तर नाहीच नाही.

नामापुढं आर्टिकल नसलं की आबांना ते उघडंबोडकं वाटतं. पंगतीला कुणी नुसत्या बनियनवर येऊन बसावं तसं. कुणीही कागद पुढं केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ह्याच्या आदी 'दि' कुठाय?" त्यावरून पोरांनी त्यांचं नाव 'दि-आबा' पाडलंय. आबांना ते कळलंय, पण रागावतील तर शपथ. "बराबर हाय," म्हणतात, "गावात आबा लय हायती. 'ॲन' आबा म्हंजे कुनीबी. 'दि' आबा म्हंजे मी एकटाच."

हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं पाटी करायला टाकली होती, 'प्युअर व्हेज अँड नॉन-व्हेज'. आबा ती वाचून उठले आणि भर उन्हात त्याच्या हॉटेलात गेले.

"ह्यातलं प्युअर काय?"

"दोनीबी, आबा."

"नॉन-व्हेज प्युअर कसं आसंल रं?"

"आवं, कोंबडी ताजी आसती."

आबा परत आले आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले. त्या दिवशी नंतर कुठल्याच पाटीकडं त्यांनी बघितलं नाही.

समोरच्या रफिकच्या टायर दुकानावर 'पंचर' असं इंग्रजीत लिहिलेलं आहे. आबांनी त्याला शंभरदा सांगितलंय. "रफिक, पंक्चर म्हंजे भोक. पंचर म्हंजे ठोसा मारनारा." रफिक टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत म्हणतो, "आबा, कवा कुनी ठोसा खायला आलं न्हाई. सगळी भोक बुजवायलाच येत्यात. म्हंजी पाटी बराबर हाय." मग आबा कपाळाला हात लावतात, रफिक त्यांना चहा पाजतो, आणि उद्या परत तेच. असं वर्षानुवर्षं चाललंय.

लग्नसराईत तर मला धडकी भरते. एकदा एक बागायतदार मुलीची पत्रिका घेऊन आले. आबांनी लाल पेन काढलं. "मॅरेज 'विथ' न्हाई. मॅरेज 'टु'."

"टु म्हंजी?"

"कडं."

बागायतदार विचारात पडले. "आबा, लगीन संगं लागतंय. कडं कसं लागंल?"

"मराठीत संगं. इंग्रजीत टु."

"म्हंजी इंग्रजीत नवरी एकटीच चालत त्येच्याकडं जाती व्हय? वऱ्हाड न्हाई, मांडव न्हाई?" असं म्हणून त्यांनी कागद उचलला आणि कराडला जाऊन पत्रिका छापून आणली. 'विथ' घालून. माझं गिऱ्हाईक गेलं. आबा मला म्हणाले, "जाऊ दे सुनंदे. आपुन चूक छापली न्हाई, ह्येच लय हाय."

हे वेड त्यांना कुठं लागलं याची एक कथा ते सांगतात. खरी किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. नवीन भरती झाले होते, पोस्टिंग राजस्थानात. गावाकडून निरोप आला, वडील विहिरीत पडले, ताबडतोब ये. आबांनी रजेचा अर्ज केला, जन्मातला पहिला इंग्रजी अर्ज. 'माय फादर इज इन वेल. काइंडली ग्रँट लीव्ह.' साहेबांनी वाचलं, त्यातलं 'इन' खोडलं, आणि खाली लिहिलं, वडील बरे आहेत हे वाचून आनंद वाटला, रजेची गरज दिसत नाही.

"वेल म्हंजे हीर, आन् वेल म्हंजे बरा," आबा ऐकणाऱ्याला समजावून सांगतात. "म्होरं एक 'दि' आसता, तर साहेबाला कळलं आसतं की मानूस हिरीत हाय."

"मग वडील?"

"लोकांनी काडलं वर. कंबार मोडली हुती. नंतर लय वर्सं जगलं. पन जगलं तवर मला म्हनत, तू आला न्हाईस."

हे सांगून झालं की आबा हसतात, म्हणून आम्हीही हसतो. त्या अर्जानंतर त्यांनी कँटीनमधून व्याकरणाचं पुस्तक आणलं, ते पाठ केलं, आणि पुढं क्लार्कची परीक्षा पास झाले.

त्यांच्या घरी या व्याकरणाला कवडीची किंमत नव्हती. आबांच्या पत्नी सिंधूकाकू सांगलीकडच्या, हळदीच्या व्यापाऱ्याकडं दिवाणजी असलेल्या माणसाची लेक. तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. आबा अंगणात कुणाला आर्टिकल शिकवत बसले की आतून आवाज यायचा, "आवं, भाकरी गार हुतीया. ती 'अ' भाकरी हाय का 'दि' भाकरी ते खाऊन झाल्याव ठरवा." आबा म्हणायचे, "आडानी हाय." काकू म्हणायच्या, "आडानी हाय म्हून जेवाय मिळतंय."

काकू गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. साध्या तापाचं निमित्त झालं. गावाच्या ग्रुपवर लोकांनी इंग्रजीत काहीबाही लिहून दुखवटा कळवला, त्यातल्या एका शब्दालाही आबांनी हात लावला नाही. तेव्हापासून काकूंचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कुणी काढलं तर ते चष्मा पुसायला घेत आणि विचारत, "ते पाटीचं काय ठरलं?" माझं दुकान उघडायच्या आधी येऊन बसणं आणि शटर ओढलं की उठणं, हेही तेव्हापासूनचं.

तर अशा आबांच्या आयुष्यात गेल्या उन्हाळ्यात जॅनेटबाई आल्या.

आमच्या गल्लीतल्या विलासरावांची प्रियांका ऑस्ट्रेलियात नर्स आहे. तिनं तिकडच्या डॅरनशी लग्न ठरवलं. विलासराव आधी आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, मग मुलाच्या घरचाही ऊसच आहे असं कळल्यावर बोलायला लागले. लग्न सांगलीच्या कार्यालयात, पण पाहुणे आधी चार दिवस उंब्रजला घरी राहणार, असं ठरलं. पाहुणे म्हणजे दोघंच. डॅरन आणि त्याची आई. वडील ग्रेग वारले होते.

विलासराव आबांकडं आले. "आबा, आमच्या घरात इंग्लिश म्हंजी येस, नो आन् चार्जर. बाईसंगं बोलाय तुमीच पायजेसा."

आबा स्टुलावरून उठून उभे राहिले. जन्मभर इंग्रजीची राखण केली, पण मूळच्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसाशी समोरासमोर बोलायचा योग कधी आला नव्हता. ते म्हणाले, "भाषन लागंल."

भाषण मी टाइप केलं. किती वेळा केलं ते विचारू नका. 'वुई शॅल' की 'वुई विल' यात एक दिवस गेला. मग 'दि रेसिडेंट्स ऑफ उंब्रज' या शब्दांपाशी गाडी अडली. 'दि' लावला की उंब्रजचे सगळेच रहिवासी आले, आणि मग विलासरावांच्या भावकीतले जे या लग्नापायी बोलत नव्हते, तेही स्वागताला आले असा अर्थ होतो. 'दि' काढला तर थोडेच लोक आले असं होतं, आणि पाहुण्यांना गावात फूट आहे हे कळतं. आबा अख्खी सकाळ डोकं धरून बसले. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे 'दि'. मांडवापत्तर समदी येत्यात." आणि खरंच, पुढं सगळे आले.

पाहुण्यांची गाडी दारात थांबली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आबा कोट आणि टाय घालून उभे. डॅरन उतरला, टोमॅटोसारखा लाल झालेला. मागून जॅनेटबाई उतरल्या. बुटक्या, रुंद, उन्हानं रापलेल्या, आणि हात असे की रोज पहार धरत असाव्यात. आबांनी भाषण सुरू केलं. "इट इज विथ प्रोफाउंड फेलिसिटी दॅट वुई, दि रेसिडेंट्स ऑफ उंब्रज..." आवाज खणखणीत. रफिकनं हातातला पाना खाली ठेवला. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि आबा उत्तराची वाट बघत सावधानमध्ये उभे राहिले.

जॅनेटबाईंनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "ता, लव्ह," त्या म्हणाल्या आणि सावलीत गेल्या.

आबा तसेच उभे. "ता? ता म्हंजे काय? वाक्य कुठाय?"

"थँक्यू म्हणाल्या त्या, आबा," प्रियांका म्हणाली.

"आन् लव्ह?"

हे जरा मोठ्यानं विचारलं गेलं. विलासरावांच्या मंडळींनी पदर तोंडाला लावला. गल्लीत तो शब्द संध्याकाळपर्यंत पुरला.

मग चहा झाला आणि जॅनेटबाई बोलायला लागल्या. "मी अँड डॅरन वॉज डेड टायर्ड," त्यांनी सांगितलं. हायवेबद्दल म्हणाल्या, "आय नेव्हर सीन सो मेनी ट्रक्स." पोराबद्दल म्हणाल्या, "ही डोंट ईट स्पायसी." आबा समोरच्या खुर्चीवर होते. प्रत्येक वाक्याला त्यांचा चेहरा उतरत गेला. हातातली बशी कलंडून चहा कोटावर सांडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले नाहीत. काउंटरवर वाकून, कुणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाले, "सुनंदे, बाई चुकती गं."

"कोण बाई?"

"ओरिजिनल."

मी हसू दाबलं. म्हटलं, "आवं आबा, आपण तरी मराठी कुठं पुस्तकातलं बोलतो? तुम्ही न्हाई म्हणता, मी नाही म्हणते. कुणाचं अडतंय?"

"ती आपली भाषा हाय. आपुन कशीबी बोलू."

"मग त्यांची त्यांची आहे की."

हे मी सहज बोलून गेले. रस्त्यावरून उसाच्या बेण्यानं भरलेली एक ट्रॉली गेली, आबा तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तसं आसंल तर मी इतकी वर्सं कुनाच्या रानाची राखन करत हुतो?"

त्यांनी खिशातलं लाल पेन काढून माझ्या काउंटरवर ठेवलं, जणू सरकारी माल जमा करावा तसं, आणि घरी गेले.

पुढं दोन दिवस उंब्रजला चुका मोकाट सुटल्या. कुणी कुणाला अडवेना. आबा येत, बसत, पण कागदाकडं बघत नसत. वाढदिवसाच्या एका बॅनरवर 'हॅपी बर्थडे टू यू'मधला टू आकड्यात छापला होता. मी तो मुद्दाम त्यांच्या समोर धरला, तर म्हणाले, "छान हाय."

रफिकला तर राहवेना. त्यानं एक पुठ्ठा घेतला, त्यावर ऑइल पेंटनं 'टायर्स इज अव्हेलेबल' असं लिहिलं आणि रस्ता ओलांडून आबांपुढं आणून धरला. "आबा, बगा की. कसं झालंय?"

"झकास. लाव."

"आवं नीट बगा. 'इज' लिवलंय."

"दिसतंय."

रफिक माझ्याकडं वळला. त्याचा चेहरा पडला होता. "भाबी, मुद्दाम चुकवून आनलं हुतं," तो हळूच म्हणाला. "ह्ये काय खरं न्हाई. डॉक्टरला दाखवू या का?"

हळदीच्या दिवशी विलासरावांच्या घरी बायकांची गर्दी झाली. जॅनेटबाईंना सकाळपासून ओवाळून, कुंकू लावून, फोटो काढून झाले होते. त्यांचा जीव कोंडला असावा. त्या प्रियांकाला म्हणाल्या, मला तुमचा ऊस बघायचाय. प्रियांकाला पाटावरून उठता येईना. विलासरावांनी आबांना गळ घातली. आबा नको नको म्हणाले, मग प्रियांकाच्या आईनं मला सोबत दिलं आणि आम्हा तिघांना जीपमध्ये कोंबलं. निघताना प्रियांकानं आबांना बाजूला घेऊन बजावलं, "आबा, त्यांच्या मिस्टरांचा विषय काढू नका. त्या कुणाजवळ बोलत नाहीत." आबा म्हणाले, "मी आता कुनासंगंच बोलनार न्हाई."

विलासरावांनी आम्हाला मळ्यात सोडलं आणि ते मांडववाल्यांकडं गेले.

उसापाशी गेल्यावर जॅनेटबाईंच्या चालण्यात फरक पडला. घरात त्या पाहुण्या होत्या, इथं मालकीणबाई झाल्या. सरळ सरीत शिरल्या, कांड्यांवर अंगठा फिरवला, पाचट बाजूला करून बुडखा बघितला, माती उचलून वास घेतला. मग वळून आबांना विचारलं, "दिस रॅटून?"

आबांनी दोन दिवसांत पहिल्यांदा इंग्रजीत तोंड उघडलं. "येस, येस. मेनी रॅट्स."

"नो, लव्ह. रॅटून!"

"व्हेरी बिग रॅट्स," आबांनी हातानं माप दाखवलं.

जॅनेटबाई हसत सुटल्या. इतक्या हसल्या की उसाला धरून उभं राहावं लागलं. मग खाली बसून त्यांनी आधीच्या तोडणीचा बुडखा दाखवला आणि त्यातून फुटलेला नवा ऊस दाखवला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "आबा, खोडवा! खोडवा आहे का विचारतायत!"

"खोडव्याला रॅटून म्हनत्यात?" आबांचे डोळे मोठे झाले. "सैन्यात ह्यो शब्द कवा आला न्हाई." त्यांनी खिशाकडं हात नेला. पेन माझ्याकडं होतं. त्यांनी जॅनेटबाईंना स्पेलिंग विचारलं. बाईंनी खांदे उडवले. जन्मभर खोडवा केला, पण लिहायची वेळ कधी आली नाही, असं म्हणाल्या. आबांनाही हसू आलं. "सुनंदे, उंदीर म्हनालो की गं मी," असं म्हणत ते बराच वेळ एकटेच हसत राहिले.

मोटारीच्या खोलीपाशी आंब्याची सावली होती. प्रियांकाच्या आईनं भाकरी, पिठलं आणि कांदा बांधून दिला होता. जॅनेटबाई मांडी घालायला गेल्या, ते जमेना, तेव्हा पाय पसरून बसल्या. भाकरी हातात घेऊन त्यांनी उसाच्या शेंड्यांवर थरथरणाऱ्या उन्हाकडं बघितलं.

"ग्रेग डोंट लाइक द हीट," त्या म्हणाल्या.

त्या आपल्याच नादात बोलत होत्या. जन्म उसात गेला, पण ऊन सोसत नाही. दहा वाजले की हा पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसतो, आणि कुणी हाक मारली की म्हणतो पंप दुरुस्त करतोय. पंपाला काही झालेलं नसतं. सगळं चालू काळात. जसा तो आत्ता तिकडं टाकीखाली बसलेला आहे आणि आपण घरी गेलो की त्याला हाक मारायची आहे.

मी आबांकडं बघितलं. आता आबा बोलणार, असं मला वाटलं. 'डोंट' तर चुकलंच होतं, पण त्याहून मोठी चूक काळाची होती. दोन दिवस इंग्रजीत न बोललेला माणूस उंदरांच्या निमित्तानं नुकता मोकळा झालेला. मी डोळ्यांनी त्यांना खुणावलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. हातातली भाकरी पानावर ठेवली आणि घसा साफ केला.

"माय वाइफ ऑल्सो," आबा म्हणाले. "माय वाइफ ऑल्सो डोंट लाइक हीट."

जॅनेटबाईंनी मान वळवली.

"शी सिट्स इन डोअर," आबा सावकाश बोलत होते, एकेक शब्द लांबून आणत असल्यासारखे. "शी पुट्स वेट क्लॉथ ऑन हर हेड. शी टेल्स मी, यू ब्रिंग ऑल दिस हीट फ्रॉम राजस्थान. इन युअर ट्रंक."

जॅनेटबाई हसल्या. "व्हॉट्स हर नेम?"

"सिंधू."

ते नाव इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला पुढं बसवेना. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून पाटापाशी गेले. मोटार चालू होती. तांब्या भरला तरी तिथंच थांबले. मागून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. ग्रेग झोपेत ट्रॅक्टरसारखा घोरतो. सिंधू घोरते, पण सकाळी उठून म्हणते की तुम्हीच घोरत होता. ग्रेगला कितीही सांगितलं तरी चिखलाचे बूट घेऊन तो घरात येतो. सिंधू चटणी करपवते आणि म्हणते, ती अशीच असते.

मी परत आले तेव्हा जॅनेटबाई थर्मासमधला चहा झाकणात ओतत होत्या. ते झाकण त्यांनी आबांपुढं सरकवलं आणि सहज विचारलं, "शी कमिंग टु द वेडिंग, युअर सिंधू?"

आबांनी झाकण उचललं. त्यातल्या चहाकडं बघितलं.

"नो," ते म्हणाले. "शी इज नॉट कमिंग."

जॅनेटबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी आपला रापलेला हात पुढं करून आबांच्या मनगटावर ठेवला.

"सेम ॲज ग्रेग, देन," त्या म्हणाल्या.

"येस," आबा म्हणाले. "सेम."

कुणी डोळे पुसले नाहीत की उसासा टाकला नाही. आबांनी चहा संपवला, झाकण पाण्यानं विसळून परत दिलं, आणि सिंधू चहात आलं किती घालते ते सांगायला सुरुवात केली. बांधावर विलासरावांची जीप येऊन हॉर्न वाजवायला लागली होती. मी दोनदा हाक मारली. दोघंही उठेनात.